पौलाचा खटला : यरुशलेम ते रोम

नव्या करारातला खटला म्हटला की सगळ्यांना आठवतो तो येशूचा. पिलाताचे हात धुणे, लोकांचा आरडाओरडा, क्रूस. गोव्यात लेंटच्या दिवसांत मिरवणुका निघतात, त्यामुळे हिंदूंच्या घरांतल्या पोरांनाही पिलाताचे नाव कानावरून गेलेले असते. पण कायद्याच्या अंगाने पाहायला गेलात तर त्या खटल्यात हाती लागते फार थोडे. एक रात्र आणि एक सकाळ, एवढ्यात सगळे आटोपले. त्याच यरुशलेम शहरात पंचवीसेक वर्षांनी, इ.स. ५७ च्या सुमारास, दुसरा एक खटला उभा राहिला. तो दोन-अडीच वर्षे नुसता रेंगाळला, दोन राज्यपालांच्या टेबलावरून फिरला, त्यात अहवाल आहेत, वकील आहे, तहकुबी आहे, लाचेची अपेक्षा आहे, बदली आहे आणि शेवटी थेट बादशहाकडे अर्ज आहे. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला तो वाचताना परके वाटत नाही.

आरोपी पौल. पोर्तुगीजांचा सांव पावलू. आपल्या जुन्या गोव्यात १५४० च्या दशकात जेझुइटांचे जे मोठे विद्यालय उभे राहिले ते याच संताच्या नावाचे, आणि त्यावरून इथल्या जेझुइटांना लोक ‘पावलिस्त’च म्हणू लागले. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली आला तो त्याच विद्यालयात. आज तिथे एक कमान तेवढी उभी आहे. असो. हे विषयांतर झाले, पण नाव ओळखीचे आहे एवढे सांगायचे होते.

खटल्याची हकिगत आहे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायापासून शेवटपर्यंत. परंपरेने हे पुस्तक लूकचे मानतात. लूक तटस्थ नव्हे, तो पौलाच्या बाजूचा. रोमन सत्तेला आमचे लोक निर्दोष वाटत होते, हे दाखवण्यात त्याला रस आहे. हे ध्यानात ठेवून वाचायचे. पण त्याने दिलेल्या कार्यपद्धतीच्या खाणाखुणा दुसऱ्या पुराव्यांशी इतक्या ठिकाणी जुळतात, की ए. एन. शेर्विन-व्हाइट या ऑक्सफर्डच्या रोमन इतिहासकाराने १९६३ साली या विषयावर आख्खे पुस्तक लिहिले. मला स्वतःला त्याचे म्हणणे बऱ्याच अंशी पटते. सगळे नाही.

आधी धर्माची बाजू पाहू, कारण भांडण तिथून सुरू झाले.

पौल जन्माने यहुदी, किलिकिया प्रांतातल्या तार्स गावचा, पंथाने परूशी. येशूला मसीहा मानल्यावर तो यहुदी नसलेल्या लोकांत प्रचार करत हिंडला, आणि त्याने असे शिकवले की या लोकांना सुंता करून घ्यायची गरज नाही, मोशेचे सगळे नियम पाळायची गरज नाही. यावरून अफवा उठली की हा यहुद्यांनाच त्यांचा धर्म सोडायला सांगतो. अफवा आणि वस्तुस्थिती यांत फरक होता, पण अफवेला पाय असतात. पौल यरुशलेमेत आला तेव्हा तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख याकोब, म्हणजे येशूचा भाऊ, याने त्याला एक तोड सुचवली. चार माणसांनी नाजीर व्रत घेतले होते. हे व्रत म्हणजे ठराविक काळ केस कापायचे नाहीत, द्राक्षारसाला शिवायचे नाही, प्रेताजवळ जायचे नाही. सांगता करताना देवळात मेंढरांचे बळी द्यायचे आणि वाढलेले केस कापून होमात टाकायचे. खर्च बराच. गरीब माणसाच्या व्रताच्या उद्यापनाचा खर्च दुसऱ्या कोणी उचलणे हे पुण्यकर्म समजत. हेरोदाचा नातू पहिला अग्रिप्पा राजा झाल्यावर त्यानेही असा खर्च उचलला होता असे योसेफस हा त्या काळचा यहुदी इतिहासकार सांगतो. तर पौलाने या चौघांचा खर्च करावा, त्यांच्याबरोबर स्वतः शुद्ध होऊन देवळात जावे, म्हणजे लोकांची खात्री पटेल की हा धर्म सोडलेला माणूस नव्हे. पौलाने ते मान्य केले. आपण धर्म पाळतो हे दाखवायला तो देवळात गेला आणि देऊळ बाटवल्याच्या आरोपाखाली पकडला गेला.

आता ते देऊळ कसे होते हे कळल्याशिवाय आरोपाचे गांभीर्य कळायचे नाही. आपल्याला ते समजायला कठीण नाही, सोवळे-ओवळे आणि गाभारा यांच्या पायऱ्या आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. बाहेरचे मोठे पटांगण सर्वांना मोकळे, परक्यांनाही. त्याच्या आत कमरेच्या वर येईल असा दगडी कठडा. कठड्याच्या आत फक्त यहुदी. त्याच्या आत स्त्रियांचे अंगण, मग पुरुषांचे, मग याजकांचे, आणि सर्वांत आत परमपवित्र स्थान, जिथे वर्षातून एकदाच आणि एकटा महायाजक जाई. कठड्यावर ठिकठिकाणी ग्रीक आणि लॅटिन भाषांत पाट्या होत्या. त्यातली एक ग्रीक पाटी शार्ल क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला १८७१ साली सापडली. तेव्हा तिथे तुर्कांचे राज्य, त्यामुळे ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या एका पाटीचा तुकडा १९३० च्या दशकात मिळाला. मजकुराचा आशय असा, की कुणाही परक्याने कठड्याच्या आत पाऊल टाकू नये, आणि जो सापडेल त्याला मरण आल्यास त्याची जबाबदारी त्याच्या स्वतःवरच. सरकारी नोटिशीची भाषा दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.

इथे कायदा येतो. यहुदिया प्रांत इ.स. ६ पासून थेट रोमच्या अमलाखाली होता आणि देहान्ताची शिक्षा देण्याचा अधिकार रोमन अधिकाऱ्याकडे असे. यहुद्यांची न्यायसभा, सन्हेद्रिन, धार्मिक बाबी पाही, चौकशी करी, पण कुणाला मारायचे तर राज्यपालाला विचारायला हवे. याला एक अपवाद होता, आणि तो म्हणजे हा कठडा. योसेफसने लिहून ठेवले आहे की रोमन सेनापती तीतस याने वेढ्याच्या वेळी यहुद्यांना याची आठवण करून दिली होती : कठडा ओलांडणारा रोमन असला तरी त्याला ठार मारण्याची मुभा आम्हीच तुम्हाला दिली होती ना? म्हणजे जिंकणाऱ्याने जित्याच्या देवाची हद्द इतकी मानली होती की त्या हद्दीत आपल्या नागरिकाचा जीवही त्याने पणाला लावला. वसाहतींचा इतिहास ज्या भूमीने भोगला आहे, तिथल्या वाचकाला हे नवल वाटावे. सोळाव्या शतकात आपल्याकडे देवळांचे काय झाले ते सांगायला नको.

पौलावरचा आरोप नेमका या कठड्याचा. त्रफिम नावाचा इफिसचा एक परका गृहस्थ पौलाबरोबर शहरात हिंडताना काही लोकांनी पाहिला होता. हे लोक आशिया प्रांतातून, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातून, सणाला आलेले यहुदी. पौलाला देवळात पाहिल्यावर त्यांनी ताडले की त्रफिमालाही त्याने आत नेले असणार. त्यांनी आरडाओरड केली, लोक धावले, पौलाला फरफटत बाहेर काढले, दारे बंद झाली.

बारकाईने पाहा. पाटी सांगते, आत येणारा परका मरेल. आणणाऱ्याबद्दल पाटी काही बोलत नाही. शिवाय त्रफिम आत सापडला असे कुणीच म्हणत नाही, तो शहरात दिसला एवढेच. सबंध खटल्यात त्रफिमाला कुणी हजर करत नाही की त्याचा शोध घेत नाही. मूळ गुन्हेगार नाही, साक्षीदार नाहीत, आणि तरीही फाईल उघडली ती दोन वर्षे बंद झाली नाही. पुढे राज्यपालापुढे फिर्यादी पक्षानेच शब्द थोडे सैल केले आणि देऊळ बाटवण्याचा ‘प्रयत्न’ केला असे म्हटले. वकिलाला आपल्या बाजूची कमजोरी माहीत होती, हे त्या एका शब्दावरून कळते.

देवळाला लागून अँटोनिया नावाचा किल्ला होता, तिथे रोमन पलटण. सणाच्या दिवसांत ती सज्ज असे. तिचा प्रमुख क्लौद्य लुसिया शिपाई घेऊन खाली आला आणि मार खाणाऱ्या पौलाला त्याने दोन साखळ्यांनी बांधून उचलले. मूळ ग्रीकमध्ये त्याच्या हुद्द्याचा शब्द आहे त्याचा अर्थ हजारांचा नायक. आपला हजारी मनसबदारच म्हणा. त्याला आधी वाटले की हा तो मिसरी माणूस असावा, ज्याने काही काळापूर्वी हजारो लोक रानात नेऊन बंड केले होते. या मिसऱ्याची हकिगत योसेफसही देतो. आकडे दोघांचे जुळत नाहीत, लूकचे चार हजार तर योसेफसचे तीस हजार, पण माणूस तोच. त्या काळच्या यहुदियात दर दोन-चार वर्षांनी असा कोणी उभा राहत होता. झग्यात खंजीर लपवून गर्दीत खून करणारे ‘सिकारी’ही याच काळातले. म्हणजे लुसियाचा संशय अगदीच वेडगळ नव्हता.

पौल ग्रीक बोलला तेव्हा तो चकित झाला. मग पौलाने जमावाशी त्यांच्या भाषेत बोलायची परवानगी मागितली, बोलला, पुन्हा दंगा. लुसियाला त्यातले काही कळले नसावे. त्याने आपल्या पद्धतीने तपास करायचे ठरवले : फटके मारून वदवून घ्या. हे काही त्याचे क्रौर्य नव्हे, ही रीत होती. गुलाम आणि परके यांची जबानी अशीच घेत. दोऱ्यांनी ताणून बांधल्यावर पौलाने जवळच्या शतपतीला विचारले की रोमन नागरिकाला, तेही चौकशीवाचून, फटके मारणे कायद्यात बसते का.

सगळे थबकले. रोमन नागरिकाला फटके मारायचे नाहीत हा नियम फार जुना. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या पोर्किया कायद्यांपासून तो चालत आला आणि ऑगस्टसच्या काळात युलिया कायद्याने आणखी घट्ट झाला. नागरिकाने दाद मागितल्यावरही त्याला मारणारा किंवा बांधणारा अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरे. इ.स.पू. ७० मध्ये सिसेरोने सिसिलीचा राज्यपाल वेरेस याच्यावर खटला चालवला. त्याच्या आरोपांत सर्वांत गाजलेला मुद्दा हाच, की मी रोमन नागरिक आहे असे ओरडणाऱ्या गावियस नावाच्या माणसाला त्याने चौकात फोडले आणि क्रूसावर दिले.

लुसिया आला आणि म्हणाला की मला हे नागरिकत्व बरीच रक्कम मोजून मिळाले आहे. पौल म्हणाला, मी जन्मतः नागरिक. या दोन वाक्यांत एक सबंध जमाना आहे. क्लौदियस बादशहाच्या दरबारात त्याची राणी मेसालिना आणि मुक्त गुलाम मंत्री नागरिकत्व विकत होते हे इतर इतिहासकारांनी लिहिले आहे. लुसियाचे ‘क्लौद्य’ हे पहिले नाव त्याच काळातले दिसते, कारण नवा नागरिक बादशहाचे घराण्याचे नाव लावी. पण पौलाने नुसते म्हटले आणि लुसियाने मानले कसे? जन्मनोंदीच्या लाकडी पट्ट्या तेव्हा मिळत, पण त्या सगळ्यांजवळ प्रवासात असतील असे नाही. मला वाटते त्याचे उत्तर शिक्षेत आहे. खोटे नागरिकत्व सांगणाऱ्याला क्लौदियस देहान्त देत असे. एवढी जोखीम घेऊन कोणी खोटे बोलणार नाही, असा हिशेब.

काही अभ्यासक पौलाच्या नागरिकत्वावरच शंका घेतात. पौलाची स्वतःची पत्रे आहेत, त्यात तो नागरिकत्वाचा एकदाही उल्लेख करत नाही. उलट करिंथच्या लोकांना लिहिताना सांगतो की मी तीनदा छड्यांचा मार खाल्ला. छड्यांची शिक्षा रोमन अधिकाऱ्यांची. नागरिकाला ती कशी झाली? शंका रास्त आहे. पण कायदा असणे आणि तो पाळला जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत, गावियसचे उदाहरण वर दिलेच आहे. आणि दुसरे म्हणजे पौल शेवटी रोमला पोचला आहे. यहुदियातल्या साध्या रयतेला, एका धार्मिक भांडणासाठी, सरकारी खर्चाने आणि सरकारी बंदोबस्तात रोमला कोण पाठवील? नागरिकत्व काढून घेतले तर पुढची सगळी हकिगत लटकते. म्हणून मी या बाबतीत लूकच्या बाजूचा.

लुसियाने दुसऱ्या दिवशी न्यायसभा बोलावली. त्याला निकाल नको होता, प्रकरण नक्की काय आहे ते समजून घ्यायचे होते. सभेत महायाजक हनन्या याने पौलाच्या तोंडात मारायला लावले. हा हनन्या लोभी म्हणून योसेफसच्या ग्रंथातही बदनाम आहे. सभेत दोन तट : सदूकी आणि परूशी. सदूकी म्हणजे याजकवर्ग, जमीनजुमल्याचे, फक्त लिखित शास्त्र मानणारे. मेलेली माणसे पुन्हा उठणार हे त्यांना मान्य नव्हते. परूशी लोकांत मिसळणारे, परंपरेने आलेले अर्थ मानणारे, पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारे. पौलाने हेरले आणि मोठ्याने सांगितले की मी परूशी आहे आणि मेलेल्यांच्या उठण्याच्या आशेवरून माझी चौकशी चालली आहे. झाले, सभा दुभंगली. परूशी शास्त्री उभे राहून म्हणू लागले की या माणसात आम्हाला दोष दिसत नाही. ही पौलाची चलाखी होती यात शंका नाही. पण ते खोटेही नव्हते. ‘यहुद्यांनी पौलाला छळले’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावे. असल्या सरसकट वाचनातून युरोपात पुढे काय काय झाले आणि गोव्यातल्या इन्क्विझिशनने यहुदी वंशाच्या ‘नवख्रिस्ती’ लोकांना कसे वागवले, ते आठवले की वाक्य जपून लिहावे लागते.

मग कट. चाळीसहून अधिक जणांनी पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी न घेण्याची शपथ वाहिली. पौलाच्या बहिणीच्या मुलाला ते कळले, त्याने किल्ल्यावर जाऊन सांगितले. लुसियाने रात्रीच पौलाला कैसरियाला रवाना केले. दोनशे शिपाई, सत्तर स्वार, दोनशे भालेवाले. एका कैद्याला चारशे सत्तर माणसे! आकडा फुगवलेला असेल, पण नागरिक आपल्या ताब्यात मेला तर जाब द्यावा लागेल ही भीती खरी.

सोबत त्याने राज्यपाल फेलिक्सला अहवाल दिला. तो लूकने दिला आहे, आणि कारकून या नात्याने मी त्याच्यावर खूश आहे. अहवालात लुसिया लिहितो की हा रोमन आहे हे कळल्यावरून मी शिपाई घेऊन गेलो आणि याला सोडवले. वास्तविक सोडवले आधी, बांधले त्यानंतर, फटक्यांसाठी ताणले त्यानंतर, आणि रोमन असल्याचे कळले ते सर्वांत शेवटी. साखळ्या आणि चाबूक अहवालात नाहीतच. खोटे असे एकही वाक्य पकडता येत नाही, फक्त क्रम बदलला आहे. वरिष्ठांना अहवाल कसा लिहावा याचा हा नमुना आमच्या खात्याच्या प्रशिक्षणात ठेवायला हरकत नाही.

फेलिक्सने पहिला प्रश्न विचारला : हा कुठल्या प्रांतातला? किलिकिया, असे उत्तर आले. प्रश्न हद्दीचा आहे. आरोपीला त्याच्या मूळ प्रांताकडे पाठवता आले तर बला टळते. ते त्याने केले नाही, ऐकून घेतो म्हणाला. इथे राज्यपालाच्या न्यायाची पद्धत सांगायला हवी. प्रांतात पंचमंडळ नाही, ठरीव गुन्ह्यांची यादी नाही. फिर्यादीने समोर येऊन आरोप मांडायचे, राज्यपालाने ऐकायचे, सल्लागारांशी बोलायचे आणि आपल्या विवेकाने निकाल द्यायचा. महसूल तोच पाहणार, बंदोबस्त तोच, न्यायही तोच. आपल्याकडच्या जुन्या मामलेदाराची आठवण यावी. फक्त मामलेदाराला कुणाचे डोके उडवता येत नव्हते.

फेलिक्स स्वतः मुक्त गुलाम. त्याचा भाऊ पल्लास हा क्लौदियसचा खजिनदार, त्याच्या वशिल्याने हे पद मिळालेले. टॅसिटसने त्याच्याविषयी जे लिहिले त्याचा मथितार्थ एवढाच, की राजाचे अधिकार याने गुलामाच्या वृत्तीने वापरले. टॅसिटस खानदानी माणूस, त्यात जातीचा तुच्छतेचा वासही आहे. पण फेलिक्सच्या कारभाराची तक्रार योसेफसही करतो.

पाच दिवसांनी हनन्या तर्तुल्ल नावाचा वकील घेऊन आला. तर्तुल्लने आरोप मांडला तो हुशारीने. देवळाची गोष्ट मागे, आणि पुढे काय, तर हा माणूस म्हणजे साथीचा रोग आहे, जगभरच्या यहुद्यांत हा दंगे माजवतो, नासोरी पंथाचा हा पुढारी आहे. ही भाषा त्याने हवेतून काढलेली नाही. इ.स. ४१ मध्ये क्लौदियसने अलेक्झांड्रियाच्या लोकांना पाठवलेले एक पत्र मिसरातल्या एका पपायरसवर सापडले आणि १९२४ साली छापले गेले. त्यात बादशहा तिथल्या यहुद्यांना बजावतो की बाहेरून माणसे आणू नका, नाहीतर साऱ्या जगात रोग पसरवणारे समजून तुमच्यावर कारवाई करीन. बादशहाचे शब्द एका गटावर उलटवायचे आणि म्हणायचे, रोग आम्ही नव्हे, हा. राज्यपालाला देवळाच्या कठड्याचे सोयरसुतक नाही, पण दंग्याचे आहे, हे तर्तुल्ल जाणून होता.

पौलाचे उत्तर वकिलाशिवाय आणि थोडक्यात. मी येऊन बारा दिवस झाले. मी कुणाशी वाद घातला नाही, दंगा केला नाही. दानाचे पैसे घेऊन आलो होतो. आणि ज्यांनी मला देवळात पाहिले म्हणतात ते आशियातले लोक इथे कुठे आहेत? हा शेवटचा मुद्दा सर्वांत भारी. रोमन कायद्यात आरोप करून फिर्यादीने गायब होणे हा स्वतंत्र दोष मानला जाई. शेर्विन-व्हाइटने यावर बोट ठेवले आहे आणि ते योग्यच आहे. पण फेलिक्सने निकाल दिला नाही. लुसिया आल्यावर बघू, म्हणाला. लुसिया आल्याचा उल्लेख पुढे कुठेच नाही.

तहकुबी दोन वर्षांची झाली. फेलिक्स अधूनमधून पौलाला बोलावून गप्पा मारी, एकदा बायको द्रुसिल्ला, जी यहुदी राजकन्या होती, तिलाही घेऊन बसला. लूक स्पष्ट लिहितो की त्याला पैशांची आशा होती. ‘दानाचे पैसे’ हे शब्द त्याच्या कानात राहिले असावेत हा माझा तर्क. कुणाला बांधण्यासाठी किंवा सोडण्यासाठी पैसे घेऊ नयेत असा कायदा ज्युलियस सीझरच्या वेळेपासून होता. कायदा होता याचाच अर्थ रोग होता. पौलाने पैसे दिले नाहीत, फेलिक्सने सोडले नाही. दोष सिद्ध न झालेला नागरिक दोन वर्षे अडकून पडला, आणि यात कायद्याचे कलम मोडल्याचे कागदावर कुठेच दिसत नाही. तुरुंग सैल होता, मित्र भेटू शकत, पण तुरुंग तो तुरुंग. मला या सबंध प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करतो तो हा भाग. जमावापासून पौलाला कायद्याने वाचवले आणि त्याच कायद्याने त्याला फडताळात ठेवून दिले.

इ.स. ५९ च्या आसपास फेलिक्सला परत बोलावले. कैसरियात यहुदी आणि ग्रीक यांच्यात दंगल झाली होती, त्याने सैन्य घातले, आणि यहुद्यांनी नीरोकडे तक्रार केली. भाऊ पल्लासच्या वशिल्याने तो बचावला. जाताना यहुद्यांना खूश ठेवायला त्याने पौलाला तसेच बंदीत ठेवले.

नवा राज्यपाल फेस्त. हा बराच उरकणारा माणूस. रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी यरुशलेमला गेला, तिथे याजकांनी पौलाला यरुशलेमेत आणून चौकशी करा अशी गळ घातली. फेस्तने कैसरियात सुनावणी ठेवली, जुनेच आरोप झाले, आणि मग त्याने पौलाला विचारले, यरुशलेमला जाऊन माझ्यापुढे चौकशीला तयार आहेस का? फेस्तचा हेतू वाईट असेलच असे नाही. नव्या अधिकाऱ्याला स्थानिक मोठ्या लोकांशी जुळवून घ्यायचे असते. पण पौलाने ओळखले की यरुशलेमच्या वाटेवर काय होऊ शकते. त्याने कैसराकडे दाद मागितली.

याला आपण अपील म्हणतो, पण आपल्या अर्थाचे अपील ते नव्हे. निकाल लागलेलाच नव्हता. निकालाआधीच नागरिकाने म्हणायचे की या अधिकाऱ्याचा माझ्यावर अधिकार चालू देऊ नका, मला बादशहापुढे न्या. प्रजासत्ताकाच्या दिवसांत नागरिक लोकसभेकडे अशी दाद मागत, ऑगस्टसनंतर लोकांच्या जागी बादशहा आला. पुढे ११२ च्या सुमारास बिथुनियाचा राज्यपाल धाकटा प्लिनी याने ख्रिस्ती लोकांना पकडले तेव्हा इतरांना तिथेच शिक्षा दिल्या आणि नागरिक होते त्यांची नावे रोमला पाठवण्यासाठी टिपून ठेवली. म्हणजे रीत कायम होती. फेस्तने सल्लागारांना विचारले आणि मंजुरी दिली. मनातून त्याला सुटल्यासारखे झाले असणार.

पण लगेच पंचाईत. प्रकरण वर पाठवायचे तर सोबत पत्र हवे, त्यात आरोप काय ते लिहायला हवे. रोमन कायद्याच्या संकलनातही अशा पत्राचा नियम सापडतो. फेस्तला काय लिहावे कळेना. ऐकून पाहतो तर सगळे त्यांच्याच धर्मातले वाद, आणि येशू नावाचा कोणी मेलेला माणूस, जो जिवंत आहे असे हा म्हणतो. सुदैवाने राजा दुसरा अग्रिप्पा आणि त्याची बहीण बर्णीका भेटीला आले. या अग्रिप्पाकडे यहुदियाचे राज्य नव्हते, पण महायाजक नेमण्याचा आणि देवळावर देखरेखीचा अधिकार रोमने त्याला दिला होता. म्हणजे विषयतज्ज्ञ. थाटामाटात सुनावणी झाली, पौल बोलला, आणि अग्रिप्पाने नंतर फेस्तला सांगितले की कैसराकडे दाद मागितली नसती तर हा सुटला असता. हे खरे मानू नये. कायद्याने फेस्त तेव्हाही त्याला सोडू शकला असता असे दिसते. मात्र बादशहाच्या नावावर गेलेली फाईल परस्पर बंद करण्याचे धाडस कुठला अधिकारी करील?

फेस्तपेक्षा वेगळाही एक रोमन अधिकारी पौलाने पाहिला होता. काही वर्षांपूर्वी करिंथात त्याच्यावर असेच आरोप आले, तेव्हा राज्यपाल गल्लियो याने पौलाला तोंड उघडू न देताच प्रकरण फेटाळले : शब्दांचे आणि नावांचे वाद तुमचे तुम्ही पाहा. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. डेल्फी इथे सापडलेल्या क्लौदियसच्या एका शिलालेखात त्याचे नाव आहे, त्यावरून त्याचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ ठरतो आणि पौलाच्या आयुष्यातल्या बाकी तारखा त्यावरून लावतात. पौलाला रोमन न्यायावर भरवसा वाटत होता तो या अनुभवामुळेही असेल.

हे नागरिकत्व नसते तर काय झाले असते? त्याचे उत्तर इ.स. ६२ मध्ये मिळाले. फेस्त पदावर असतानाच वारला, नवा राज्यपाल अल्बिनस अजून वाटेत होता. ती संधी साधून हनान नावाच्या नव्या महायाजकाने न्यायसभा भरवली आणि याकोबाला, त्याच याकोबाला ज्याने नाजीर व्रताची तोड सुचवली होती, धर्मभंगाच्या आरोपावरून दगडमार करून मारले. हे योसेफसने लिहिले आहे. तो हेही लिहितो की शहरातल्या नियमाच्या कडक यहुद्यांनाच ते रुचले नाही. त्यांनी अल्बिनसला वाटेत गाठून कळवले की राज्यपालाच्या संमतीशिवाय सभा भरवणेच बेकायदा होते. अग्रिप्पाने तीन महिन्यांत हनानला काढले. याकोब मात्र गेला.

पौल समुद्रमार्गे रोमला निघाला, वाटेत माल्ट्याला जहाज फुटले, आणि साधारण इ.स. ६० मध्ये तो पोचला. तिथे भाड्याच्या घरात, एका शिपायाच्या पहाऱ्यात, दोन वर्षे राहिला. ‘प्रेषितांची कृत्ये’ इथेच संपते, निकाल सांगत नाही. यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. फिर्यादी रोमला आलेच नाहीत आणि मुदत संपून खटला आपोआप निकाली निघाला, असे एक मत होते. शेर्विन-व्हाइटने त्याला उत्तर दिले की अशी आपोआप सुटका देणारा नियम त्या काळी होता याला पुरावा नाही. गैरहजर फिर्यादीला दंड असे, पण त्यामुळे आरोपी मोकळा होतोच असे नाही. नीरोचे दरबारी काम तुंबलेले असे, आणि यरुशलेमहून माणसे येईपर्यंत थांबायचे तर दोन वर्षे सहज जात. मला हे उत्तर पटते, कैसरियातली दोन वर्षे पाहिल्यावर तर अधिकच.

पहिल्या शतकाच्या शेवटी रोमहून करिंथला गेलेल्या क्लेमेंतच्या पत्रात पौलाने अधिकाऱ्यांपुढे साक्ष देऊन जगाचा निरोप घेतल्याचा उल्लेख आहे. ख्रिस्ती परंपरा सांगते की नीरोच्या काळातच ओस्तियाच्या रस्त्याकडे त्याचा शिरच्छेद झाला आणि पेत्राला क्रूसावर दिले. पेत्र गालीलचा कोळी, नागरिक नव्हता. नागरिकाला सहसा क्रूसावर देत नसत, तलवार वापरत.